एकच शब्द

दाराची कडी वाजली की उदगीरच्या गौरम्मा दचकायच्या. गल्लीतले हसत, हसणाऱ्यांचं काय जातं? नवरा गेल्यावर गौरम्मांनी दुकानाची खोली रिकामी केली आणि स्टेशनावर टाकून दिलेल्या पोरांना घरात घेतलं. शाळा सुटली की मन्मथ मास्तर मदतीला येत. मागल्या साली औशाहून एक 'मामा' आला, गोड बोलला आणि एका पोरीला घेऊन गेला. महिन्यानं मास्तर चौकशीला गेले, तर त्या पत्त्यावर घरच नव्हतं. पोरगी पुन्हा दिसली नाही.

लातूर जिल्हा होऊन तिसरं वर्ष होतं आणि पावसानं तोंड फिरवलं होतं. त्या उन्हाळ्यात मास्तरांना फलाटावर चारेक वर्षांची पोर सापडली. तुला कुणी आणलं? ते कुठं गेले? सगळ्याला एकच उत्तर, "नीरु." कानडीत पाणी. गौरम्मांनी तांब्या पुढं केला. पोर घोटभर पिऊन तांब्या बाजूला सारी आणि तो शब्द काही सोडीना. दुष्काळातलं लेकरू, दुसरं काय बोलणार, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं.

आठव्या दिवशी कडी वाजली. दारात स्टेशनावर विचारत आलेली एक म्हातारी, पोरीची आजी म्हणवणारी, हातात सरपंचाचा दाखला. शिक्का लातूर होण्याआधीच्या जुन्या जिल्ह्याचा. गौरम्मांना औशाचा 'मामा' आठवला.

"शिक्के सगळीकडं अजून जुनेच हायत," मास्तर हळूच म्हणाले. म्हणजे त्यावरूनही काही कळायची सोय नव्हती. पोर म्हातारीकडं नुसती बघत होती.

"एक सांगा," गौरम्मा म्हणाल्या. "ही इथं एकच शब्द बोलती. कोणता?"

म्हातारी उंबऱ्यावर टेकली. "नीरु. मीच सोडलं तिला, अक्का. लेक-सून मेले, घरात दाना न्हाई. फलाटावर बसवलं, नीरु आणते म्हनले अन् गाडीत चढले. तवापासून घास उतरंना. रत्नम्मा नाव हाय तिचं."

म्हणजे पोर पाणी मागतच नव्हती. आजी कुठं गेली ते सांगत होती, आणि आपण आठ दिवस तिच्यापुढं तांबे भरून ठेवले! गौरम्मांना स्वतःची लाज वाटली, आणि भीती दुप्पट झाली. खोटं बोलणाऱ्याला हाकलता येतं. खरं बोलणाऱ्या या बाईचं काय करायचं? हिनं पुन्हा सोडली तर?

म्हातारीच्या घशाला कोरड पडली होती. "थांबा, नीरु आणते," म्हणत गौरम्मा उठल्या.

पोर किंचाळली. धावत येऊन तिनं गौरम्मांचा पदर दोन्ही मुठींत धरला. काही केल्या सोडीना.

गौरम्मा तिथंच बसल्या. तांब्या मास्तरांनी आणला.

"पोर मी देत न्हाई," गौरम्मा म्हातारीला म्हणाल्या. "तुम्हीच राहा हितं. भाकरी थापायला माणूस पाहिजेच हाय."

म्हातारी राहिली. कडी वाजली की गौरम्मा पुढंही दचकतच राहिल्या. पण त्या दिवसापासून घरात एक नियम झाला: टँकरच्या रांगेत पाण्याला कुणीही जावो, रत्नम्माला कडेवर घेऊनच जायचं.