अर्धा मैल आणि अडीच मैल

१९४६ साली आमची पलटण जपानात होती. लढाई संपली होती. पहारा, गस्त आणि बंदरावरची ड्युटी एवढंच काम. मी दहिवलीचा, हुद्दा नाईक, काम ड्रायव्हरचं. बंदरावर जपानी हमालांशी रोजचा संबंध, त्यामुळे कामापुरती त्यांची भाषा कानावर बसली होती.

उन्हाळ्यात ऑर्डर आली. मेडिकल ऑफिसर कॅप्टनसाहेबांना जीपने हिरोशिमाला न्यायचं, दहा दिवस. साहेब मद्रासकडचे. बॉम्ब पडला तेव्हा कोण कुठे होतं आणि त्याचं काय झालं, हे त्यांना लिहून घ्यायचं होतं. दुभाषी म्हणून मोरी नावाचे शाळामास्तर दिले होते. वय पन्नाशीचं, इंग्रजी चांगलं.

रोज साडेसातला निघायचं. साहेबांकडे शहराचा नकाशा होता. बॉम्ब जिथे फुटला त्या जागेभोवती त्यांनी पेन्सिलीने गोल काढले होते, अर्धा मैल, एक मैल, दोन मैल. माणूस भेटला की पहिला प्रश्न एकच, "त्या सकाळी सव्वाआठला तुम्ही कुठे होता?"

आपल्याकडच्या माणसाला समजावं म्हणून सांगतो. तो बॉम्ब कर्जत स्टेशनवर पडला असं धरा. भिसेगावात काय झालं ते सांगायला बहुतेक कुणी उरलं नसतं. दहिवलीत उघड्यावर असलेला माणूस भाजला असता, भिंतीआड असलेला कदाचित वाचला असता, पण घर अंगावर आलं असतं आणि मग आग. कशेळ्यात आणि खालापुरात लोकांना लखलखाट दिसला असता, मग आवाज, मग ढग. तिथल्या माणसाला वाटलं असतं, कर्जतला काहीतरी झालं.

साहेबांच्या आतल्या गोलात पाच दिवसांत दोनच माणसं सापडली. दोघंही त्या वेळी जाड काँक्रीटच्या इमारतीत होती.

सहाव्या दिवशी डोंगराकडच्या एका गावी जायचं होतं. शहरापासून वीस मैल. ओकादा नावाची एक भाजलेली विधवा तिथे भावाकडे राहत होती. वाटेत रेडिएटरमध्ये पाणी भरायला थांबलो. साहेब ओढ्यावर तोंड धुवायला गेले. मोरी मास्तर माझ्याजवळ आले. सोप्या जपानीत आणि थोड्या इंग्रजीत बोलले.

"नाईक-सान, या बाईंची मुलगी माझ्या वर्गात होती. फुमिको."

"गेली?"

"हो."

मग त्यांनी सांगितलं. शाळेतल्या मुलींना कामाला लावलेलं होतं. अर्धा वर्ग शहराच्या मध्यावर, बॉम्बपासून अर्ध्या मैलावर, आग पसरू नये म्हणून पाडलेल्या घरांची लाकडं उचलायला. अर्धा वर्ग फॅक्टरीत, अडीच मैलांवर. यादी मास्तरच करत. फुमिकोचं नाव फॅक्टरीच्या यादीत होतं. आदल्या दिवशी आई शाळेत आली. विमानं येतात ती फॅक्टरीवरच येतात, मुलीला शहरात घाला, असं म्हणाली. मास्तरांनाही ते पटलं. त्यांनी नाव बदललं.

"मी त्या दिवशी फॅक्टरीत होतो," मास्तर म्हणाले. "काचा लागल्या. तेवढंच."

मी बॉनेट लावलं.

नऊ वाजून वीस मिनिटांनी आम्ही पोचलो. बाई अंथरुणावर बसून होत्या. त्या सकाळी त्या सव्वा मैलावर होत्या, घराच्या दारात. चेहऱ्याची उजवी बाजू आणि उजवा हात भाजून कातडी गोळा झाली होती. डावी बाजू दाराच्या चौकटीआड होती, ती जशीच्या तशी. साहेबांनी तपासलं, लिहून घेतलं. मास्तर मान खाली घालून एकेक वाक्य इंग्रजीत सांगत होते.

शेवटी साहेबांनी विचारलं, "यांना काही विचारायचं आहे का?"

बाईंनी हाताकडे पाहिलं. मग त्या साहेबांना उद्देशून बोलल्या. मास्तरांनी प्रश्न बरोबर सांगितला. फॅक्टरीत ज्या मुली होत्या त्यांचं काय झालं? वर्षभर बाई या गावातून हलल्या नव्हत्या, आणि मुली आपापल्या नातेवाइकांकडे पांगल्या होत्या.

साहेबांनी कागद चाळले. "फॅक्टरी, अडीच मैल. किरकोळ जखमा. मृत्यू नाही. सांगा त्यांना."

मास्तर जपानीत म्हणाले, "कोजो मो ओनाजी."

हे शब्द मला येत होते. कोजो म्हणजे फॅक्टरी. ओनाजी म्हणजे तसंच. फॅक्टरीतही तसंच झालं.

बाईंनी डोळे मिटले. खांदे खाली आले. मग त्यांनी मास्तरांना वाकून नमस्कार केला.

साहेब हुशार होते. एवढ्या सांगण्याला दोन-तीनच शब्द कसे, हे त्यांना खटकलं असावं. माझ्याकडे वळून हिंदुस्थानीत म्हणाले, "नाईक, तुम जापानी समझते हो. ठीक बताया?"

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"जी साब. ठीक बताया."

आठ वर्षांच्या नोकरीत अधिकाऱ्याला दिलेला माझा तो एकच खोटा रिपोर्ट.

परत येताना साहेबांना झोप लागली. पूल ओलांडल्यावर मास्तर हळूच म्हणाले, "फॅक्टरीत माझ्या अठरा मुली होत्या. सगळ्या जिवंत आहेत. बाईंना आज ना उद्या कळेल."

"मग?"

"तोवर झोपतील."

पुढच्या साली घरी आलो. एका दुपारी ओटीवर वडलांना हे सगळं सांगितलं. ते विड्याचं पान हातात धरून ऐकत राहिले.

"सायबाला खोटं बोललास?"

"हो."

"आन् तिला कळलं आसंल तर रं? त्या मास्तरानं फशिवलं, आसंच म्हनंल ना ती?"

"म्हणेल."

"मंग?"

"मला माहीत नाही, बाबा."

वडील पान तसंच डब्यात ठेवून उठले आणि बैलांना पाणी दाखवायला गेले. बाईंचं पुढे काय झालं ते कळलं नाही. मोरी मास्तरांना मी एक पत्र टाकलं होतं. उत्तर आलं नाही.

आमच्या पलटणीतले जे जपानच्या आधी इटलीच्या लढाईत पडले त्यांची नावं मी वर्षातून एकदा, सकाळी अंघोळ झाल्यावर, उभं राहून घेतो. सगळी पाठ आहेत. ती संपली की आणखी एक नाव घेतो. ती सैनिक नव्हती. तिला मी पाहिलंही नाही. फुमिको ओकादा, वय तेरा. लाकडं उचलत होती.