बांगड्याचा त्याग

आता कोणत्या तोंडाने सांगू तुम्हाला! तीस वर्षं मालवणात पोरांना विज्ञान शिकवलेला माणूस मी, आणि आपटलो कुठे? थेट जेवणाच्या ताटात!

झालं काय, एका सकाळी उठलो तर उजव्या पायाचा अंगठा रतांब्यासारखा लालबुंद. पंख्याचा वारा लागला तरी कळ मस्तकात! बायको म्हणाली, "खंय ठेचकाळलात?"

कुठेच नाही. डॉक्टरांनी रक्त तपासलं.

"गुरुजी, हा गाऊट. युरिक ॲसिड वाढलंय, त्याचे बारीक स्फटिक सांध्यात सुयांसारखे टोचतात. ही गोळी रोज. पाणी भरपूर. बांगडे, तारले, तिसऱ्या बंद. महिन्याने परत बघू. आकडा उतरला तर आठवड्यातून एकदा थोडा मासा चालेल. नाही उतरला, तर माशाचं नाव काढायचं नाही."

मालवणात राहून माशाचं नाव काढायचं नाही? त्यापेक्षा अंगठाच कापा की!

मग मी डोकं चालवलं. मासा बंद ना? मासा म्हणजे तुकडी. बांगड्याच्या कढीत, म्हणजे रश्शात, काय असतं? नारळ, मिरची, तिरफळ, कोकम. त्यात मासा कुठाय? बायकोला म्हटलं, "माका तुकडी नको गो. नुसती कढी वाढ."

"अवो, पण डॉक्टरान सांगल्यान..."

"विज्ञान कोणी शिकवल्यान? मी काय तू?"

वाढली बिचारीने. एक वाटी, दोन वाट्या. तुकडीची भरपाई नको का करायला? तिसरी मी भात संपल्यावर नुसतीच भुरकायचो. तुकड्या सगळ्या तिच्या ताटात, आणि मी समोर बसून स्वतःला ऋषीमुनी समजतोय! आठ दिवसांत अंगठ्याची सूज उतरली, तशी गोळीही सोडली. एवढा त्याग केल्यावर गोळी कशाला?

एवढ्यावर थांबलो तर मास्तर कसला! शेजारच्या दाजींनाही हाच आजार. ते बिचारे दुधीवर दिवस काढत होते.

"दाजीनु, खुळे काय? तुकडी बाजूक काढा आणि कढी वरपा!"

दाजींचे डोळे भरून आले. "गुरुजी, तुमी देवमाणूस!"

महिना भरायच्या आदल्या दिवशी अंगठा परत फुगला. लंगडत दवाखाना गाठला. आकडा उतरायचा सोडून वर चढलेला!

"काय खात होता?" डॉक्टरांनी विचारलं.

"फक्त कढी," मी अभिमानाने सांगितलं.

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "गुरुजी, माशातलं बाधणारं बरंचसं शिजताना पाण्यात उतरतं. तुम्ही वाटीवाटीने तेच प्यालात! आणि गोळी?"

"ती... सोडली."

"वा! सोडायचं ते प्यालात आणि घ्यायचं ते सोडलंत. हे तुम्हाला शिकवलं कोणी?"

मी तोंड उघडणार, तोच दार ढकलून दाजी आत आले. एका पायात चप्पल, दुसरा पाय भोपळ्याएवढा. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "डॉक्टरांनु, ह्या गुरुजींनी सांगलेला सगळा पाळलंय हां! एक वाटी चुकवक नाय!"

तेव्हापासून गोळी चालू, मासा साफ बंद. बांगडा घरात येतो तो बायकोपुरता. मी डाळभातासमोर.

परवा फारच घमघमाट सुटला. काकुळतीने म्हटलं, "जरा टोप हय सरकव गो. वास तरी घेवंदे."

तिने झाकण घट्ट बसवलं.

"थांबा. वासात काय काय उतारता, ता पयला डॉक्टराक इचारतंय!"