तात्यांनी घेतलेली चूक

सखारामतात्यांना कशाचंही ‘कसं’ विचारलं, की माझ्यावर चिडायची पाळी यायची. नागापूरच्या एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात ते लेथवर होते आणि मी तपासणी विभागात. मशीन थांबलं की कातलेल्या जॉबवरून, म्हणजे त्या लोखंडी तुकड्यावरून, बोट फिरवून ते म्हणायचे, “केसभर जास्त हाय.” मी मायक्रोमीटर लावायचे. केसभर जास्तच निघायचा.

“कसं कळलं?”

“कळतंय की.”

“पण कसं?”

“म्याडम, तुमी जिना चढताना पायऱ्या मोजता व्हय?”

हे उत्तर अहवालात लिहिता येत नव्हतं. तात्या दोन वर्षांत निवृत्त होणार होते. त्याआधी त्यांचं कसब कागदावर उतरवून घ्या, असा मालकांचा हुकूम होता. वही घेऊन मी तीन आठवडे त्यांच्या शेजारी उभी राहिले. ओळी झाल्या अकरा, त्यांतल्या चार खोडलेल्या. “हाताला येकदा शिकवलं, की त्याच्या मधी मधी करायचं न्हाई,” एवढंच ते सांगत. मला वाटे, हा माणूस मुद्दाम लपवतोय.

एका मंगळवारी मी हट्टालाच पेटले. “आज प्रत्येक गोष्ट करण्याआधी तोंडाने सांगायची. काय करताय आणि का.”

तात्यांनी मान डोलावली. “आता जॉब धरतो. आता चक आवळतो.” शाळेत धडा म्हणून दाखवावा तसं चाललं होतं. हात अडखळत होते. समोरच ठेवलेलं फडकं त्यांना सापडेना.

“किती जोराने आवळायचं, हे कसं ठरवता?” मी विचारलं.

ते विचार करू लागले, आणि त्या विचारातच त्यांनी मशीन सुरू केलं. जॉब पकडून गरगर फिरणारा तो चक; तो आवळायची चावी त्याच्यातच राहिली होती. ती गोळीसारखी सुटली आणि त्यांच्या गळ्याजवळचं हाड मोडून भिंतीवर आदळली.

चौकशीत मी सरळ सांगितलं, “मी त्यांना बोलण्यात गुंतवलं. चूक माझी आहे.”

हात झोळीत अडकवून बसलेले तात्या मालकांना म्हणाले, “साहेब, त्यांचं ऐकू नका. चावी काढायचं काम माझं. लिवा, माझी चूक.”

तसंच लिहिलं गेलं. हाड जुळल्यावर त्यांना लेथ मिळाला नाही, गोदामात बसवलं. मी तिथे जाऊन भांडले.

“तात्या, काम अचूक झालं की तुम्ही म्हणणार, ‘मी काय केलं, हातानं केलं.’ आणि चुकलं की ते मात्र तुम्ही केलेलं? हे कसं चालेल?”

“चालतंय. बरुबर येतं ते वस्तादानं हाताला शिकवलेलं. चुकलं तवा ध्यान कुनाचं नव्हतं? माझंच ना?”

“ध्यान मी ओढलं होतं!”

“मग मी दिलं कशाला?”

मी दार आपटून निघून आले. पुढे निवृत्तीपर्यंत ते गोदामात नटबोल्ट निवडत बसले. एकदाही कुरकुरले नाहीत, याचा मला सगळ्यात जास्त राग यायचा.

गेल्या वर्षी तात्या वारले. दहावा झाल्यावर मी राहुरीला त्यांच्या घरी गेले आणि त्यांच्या पत्नीला, काकूंना, सांगून टाकलं, “त्या दिवशीची चूक माझी होती. त्यांनी मला ती घेऊ दिली नाही.”

“ठाव हाय,” काकू म्हणाल्या. “दवाखान्यातच म्हनले मला. हात बावरलाय हे त्यास्नी कळत हुतं. ‘पोरीला जरा थांब म्हनायचं, येवढंच करायचं हुतं,’ म्हनले. ‘ते काय हाताचं काम न्हवतं, माझं हुतं.’”

हार घालायला मी फोटोसमोर उभी राहिले, तीही चिडूनच. ते ‘थांब’ म्हणाले असते, तरी त्या दिवशी मी थांबले नसते. हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि ते त्यांच्या तोंडावर सांगून भांडायला आता तात्या नव्हते.