जबाबदार व्यक्तीचा रकाना

"हे कोणत्या नियमात बसते?" असं म्हणत ते चष्मा कपाळावर सरकवायचे. चहात साखर जास्त पडली तरी हाच प्रश्न. रायपुरातल्या तेलीबांध्याच्या आमच्या ऑफिसात सगळे त्यांना भाऊ म्हणत. तुमच्याही ऑफिसात असा एखादा असेल, बघा.

त्यांचं काम ऐकाल तर जांभई द्याल. सुरक्षेच्या नियमांचं जाडजूड पुस्तक. त्यातला एकेक नियम घ्यायचा आणि संगणकाला कळेल असा हुकूम लिहायचा. मग प्रोग्राम दर अर्ध्या तासानं सगळ्या सर्व्हरवर फिरून, कोणी काही बदललं असेल तर मुकाट पूर्ववत करायचा. मी एकदा घाईत पासवर्डची मुदत वाढवली. चहा पिऊन येते तर पुन्हा जैसे थे! तिसऱ्या वेळी भाऊ मागून म्हणाले, "दीदी, काहून भांडून राहिल्या त्याच्याशी? ते माझंही ऐकत नाही."

नियम, त्याचा हुकूम आणि जबाबदार व्यक्ती, असा भलामोठा तक्ता त्यांनी केला होता. तपासणी उद्यावर आली तरी शेवटच्या रकान्यात नाव द्यायला एकही विभाग तयार होईना. भाऊंनी वैतागून सगळ्या ओळींत स्वतःचंच नाव टाकलं. "सध्यापुरतं," म्हणाले. तपासणी झकास पार पडली, साहेबांनी पेढे वाटले, आणि भाऊ अडकले ते अडकलेच.

त्यांना नागपूरच्या ऑफिसात बदली हवी होती. तिथं बहिणीकडे त्यांची आई होती आणि आईची स्मरणशक्ती रोज थोडी थोडी जात होती. "अजून मले ओळखते," ते सांगत. "तोवर जाऊ द्या म्हणा." साहेबांचं उत्तर ठरलेलं: रकान्यात दुसरं नाव आणा, सहीसकट.

त्यांनी मला विचारलं. ते काम येणारी दुसरी मीच होते. मी म्हटलं, "पुढच्या तपासणीनंतर बघू, भाऊ." खरं सांगते, घाबरले. त्या रकान्यात गेलेल्या माणसाचं काय होतं, ते रोज समोर दिसत होतं. ते "बरं" म्हणाले आणि कामाला लागले. पुन्हा विचारलं नाही. विचारलं असतं तर मला चिडता तरी आलं असतं!

डबा उघडण्याआधी ते रोज आईला व्हिडिओ कॉल करत. एका दुपारी पलीकडून प्रश्न आला, "तुम्ही कोणाकडले?" भाऊंनी आपलं नाव सांगितलं, मग वडिलांचं, मग जुन्या घराचा पत्ता. उपयोग झाला नाही. डबा त्यांनी उघडलाच नाही.

त्याच दुपारी मी सही केली. सहा महिने माझ्या पेनाला काय झालं होतं, कोण जाणे! नाही, खोटं बोलते. मला चांगलं माहीत आहे.

ते गेले. महिन्याभरानं मी भीतभीतच फोन केला. आई कशा आहेत, विचारलं.

"बरी आहे. माझ्याच हातानं जेवते. मले भैया म्हणते," भाऊ हसून म्हणाले. "रोज सांगते, भैया, माझा पोट्टा रायपूरले रायते. त्याले सांगजा, आई वाट पाहून राहिली. मी म्हणतो, सांगतो."