दोन स्थळं, दोन्ही थायलंडची

परदेशात इंग्रजी शिकवायला जाणाऱ्यांचा क्लास आम्ही उस्मानपुऱ्यात चालवतो. खाली झेरॉक्सचं दुकान, वर आम्ही. मास्तर दोनच, शेख सर आणि मी. खरं सांगू का, इथून विमानात बसणारे कमी आणि जाता जाता राहिलेले जास्त. पण गेलेला असो की राहिलेला, प्रत्येकजण एकतरी किस्सा मागं ठेवतोच! यंदा तर अर्चनानं एकटीनंच कोटा भरून काढला.

अर्चना सिल्लोडकडची. बी.एड. झालेली, सिडकोत खोली करून राहणारी. पहिल्याच आठवड्यात तिचा रजेचा अर्ज आला, "सर, टुडे इज वॉटर डे. काइंडली ग्रँट लीव्ह." आता आमच्या गावात आठ-आठ दिवसांनी नळ येतो, त्या दिवशी कोण कशाला क्लासला येतंय? शेख सरांनी गुपचूप सही ठोकली. आदल्या दिवशी त्यांनी स्वतः त्याच कारणानं दांडी मारलेली!

मग मुलाखतीची प्रॅक्टिस घेतली. शेख सर टाय लावून साहेब झाले.

"व्हॉट इज युवर ग्रेटेस्ट स्ट्रेंग्थ?"

अर्चना जरासुद्धा अडखळली नाही. "सर, आय कॅन फिल ऑल व्हेसल्स इन फॉर्टी मिनिट्स!"

शेख सरांच्या नाकातून चहा आला. "बेटा, वहाँ जा के ये मत बोलना!"

*

तरी पोरीनं कमाल केली. एका महिन्यात थायलंडहून दोन ऑफर! एक खाजगी अकॅडमी, मोठ्या शहरात. एसी खोली, वर्गात बारा पोरं, पगार दाबून. पण शिकवायचं संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी. दुसरी सरकारी शाळा, एका लहान गावात. पन्नास पोरांचा वर्ग, पगार कमी, पण दिवसाचं काम आणि सुट्ट्या भरपूर.

दोघांनाही शुक्रवारपर्यंत उत्तर पाहिजे होतं. आणि घरून बापूंचा, म्हणजे तिच्या वडिलांचा, निरोप आला, "शुक्रवारपत्तुर ठरलं तर ठरलं. नायतर दिवाळीत पोरं बघायला सुरू!"

*

अर्चनानं शेख सरांचा सल्ला घेतला, कारण सर अशाच एका अकॅडमीत वर्षभर राहून आलेले.

"क्या बताऊँ बेटा! मैं एम.ए. लिटरेचर, और बच्चों को हँसाने कू सर पे केले की टोपी!"

तिथं काचेच्या पलीकडं पोरांच्या आया बसून तास बघायच्या. मालकानं सरांना बजावलं होतं, कुणी विचारलं तर लंडनचा आहे म्हणायचं. एक दिवस एका बाईनं विचारलंच, लंडनमध्ये कुठं?

"मेरे कू लंडन का क्या मालूम? मैं अपने गाँव का चौक बोल दिया, शहागंज. एकदम सेंट्रल!"

पुढच्या महिन्यात अकॅडमीच्या दारावर बोर्ड लागला, 'लर्न इंग्लिश विथ शहागंज ॲक्सेंट!'

*

सरकारी शाळेची चौकशी आम्ही संतोषकडं केली. संतोष गंगापूरचा, आमचाच जुना विद्यार्थी. खेड्यातल्या शाळेवर कंत्राटी मास्तर होता. मतदार याद्या, शौचालयांची मोजणी आणि खिचडीच्या देखरेखीला कंटाळून थेट थायलंडच्या सरकारी शाळेत पळाला.

त्याचा फोन आला. "सर, पहिल्या दिवशी नवा शर्ट, पॉलिश केलेले बूट घालून गेलो. हेडसरांनी माझ्याकडं खालपासून वरपर्यंत बघितलं आणि हातात पळी दिली. पोरांच्या जेवणाच्या रांगेवर ड्यूटी!"

मी म्हटलं, "मग रे?"

"मग काय सर, डोळ्यात पाणीच आलं. म्हणलं, आपल्याच घरी आलो की!"

*

नोकरीतल्या पहिल्या तासाची तयारी करायला अर्चना गावी गेली. तिथं विद्यार्थी कुठून आणायचे? ओट्यावर गहू निवडत बसलेल्या काकूला धरलं. हातवारे करून सुरू, "स्टँड अप! सिट डाउन! स्टँड अप!"

काकू बिचारी चार वेळा उठली, चार वेळा बसली. पाचव्यांदा गुडघे धरून म्हणाली, "अगं भवाने, तुझंच एकदा काय ते ठरव, मग मला उठव!"

*

गावात बातमी फुटली, तसे मामा धावत आले. मामांचं बियाण्याचं दुकान. दोन वर्षांमागं विक्री चांगली झाली म्हणून कंपनीनं त्यांना बाकीच्या दुकानदारांबरोबर थायलंड फिरवून आणलेलं. मामा ओट्यावर उभे राहून गरजले, "थायलंड? पोरीच्या जातीला तिथं पाठवायचं नाय म्हंजे नाय! लई वंगाळ मुलूख!"

मामी आतून चहा घेऊन आल्या. "असं का वो? तुमी तर म्हनले व्हते, पाची दिवस नुस्ती देवळंच दावली!"

मामांनी चहा बशीत ओतला. बराच वेळ फुंकत बसले.

"तशी... पोरीला जायला हरकत नाय."

*

गुरुवारी दुपारी बापू क्लासवर आले. स्वच्छ धोतर, टोपी, सोबत आम्हाला मक्याची पिशवीभर कणसं. दोन्हीकडच्या लोकांशी व्हिडिओ कॉलवर बोलणार होते. अर्चनानं मला बाजूला घेतलं. रडवेली झाली होती.

"सर, मला शाळाच आवडलीय. पण जास्त पगार सोडून कमी का, असं बापू विचारणार. काय सांगू?"

मी लॅपटॉप उघडला आणि बापूंसाठी खुर्ची ओढली.

बापू खुर्चीत बसले आणि म्हणाले, "मास्तर, मी एकच इचारनार. थोरलीच्या टायमाला सोयरे म्हनले, पानी मायंदळ हाय. घर बघून मी भुललो. आज पोरगी मैलावरून हंडे वाहती. तवा ह्यांला इचारा, पानी कितव्या दिवशी येतं?"

पहिला अकॅडमीचा मॅनेजर. गळ्यात टाय, चेहऱ्यावर मोठं हसू. मी विचारलं. तो म्हणाला, "सर, ट्वेंटी फोर अवर्स! हॉट अँड कोल्ड! नो प्रॉब्लेम एव्हर!"

मी मराठीत सांगितलं. बापूंनी स्क्रीनला हात जोडले आणि मला हळूच म्हणाले, "लई गुळगुळीत बोलतंय. ठिवा फोन."

मग शाळेच्या हेडबाई. जाड चष्मा, मागं पोरांचा गोंधळ. मी तेच विचारलं. बाईंनी मान वळवली. बाजूच्या कुणाला तरी काही विचारलं. मग सावकाश म्हणाल्या, "हॉट मंथ्स, व्हेरी डिफिकल्ट. टँकर कम. ऑल टीचर कॅरी बकेट. आय ॲम सॉरी. बट फर्स्ट बकेट, आय गिव्ह टू युवर डॉटर."

मी शब्दन् शब्द मराठीत सांगितला. अर्चनानं डोळेच मिटून घेतले.

बापू उठून उभे राहिले. टोपी सारखी केली.

"मास्तर, बाईला सांगा, पोरगी दिली."

"व्हॉट फादर से?" बाई विचारत होत्या. बारा वर्षं इंग्रजी शिकवतोय मी, पण 'पोरगी दिली'चं इंग्रजी काही सापडेना. शेख सर खिडकीकडं तोंड करून चष्मा पुसत होते.

तेवढ्यात अर्चनानं मला बाजूला सारलं आणि स्क्रीनसमोर ताठ उभी राहिली.

"ही सेज येस, मॅडम. अँड आय कॅन फिल ऑल व्हेसल्स इन फॉर्टी मिनिट्स!"