तोंड पुसायचं राहिलं

हर्षवर्धनने इंग्लंडातल्या ओंगार गावच्या घरात जिन्यासमोर एक लांबडं जपानी चित्र टांगलंय. एक माणूस मुखवटा बांधून रस्त्यात नाचतोय आणि पोरं तोंडं उघडी टाकून बघतायत. कोणी घरी आलं की आधी चित्र, मग चहा. असे कलावंत आता राहिले कुठे म्हणतो, आणि मान हलवतो, जसं काय यानेच त्यांना पोसलंय.

आणि याचा सख्खा बाप गुरुनाथ, अख्खी हयात बहुरूपी म्हणून दारोदार फिरलेला, तो पाहुणे आले की वरच्या खोलीत. लोकांना काय सांगायचं, तर बाबा थिएटरमध्ये होते. कसलं थिएटर नि कसलं काय. त्याच सोंगांवर हा इंजिनिअर झाला. आई, प्रभा, हे ऐकलं की उठून आत जायची.

नात शर्वाणीच्या वाढदिवसाला गुरुनाथने प्रभाची साडी नेसली, दोन दात काळे केले, मागच्या दाराने गेला आणि पुढची बेल वाजवली. म्हातारी बनून आत आला. हर्षवर्धनच्या ऑफिसातल्या बायकांना सुना समजून असं दटावलं की पोरं हसून गालिच्यावर लोळली. आता बहुरूप्याचा नेम असा, की शेवटी तोंड पुसून खरा चेहरा दाखवायचा. त्याशिवाय खेळ संपत नाही. गुरुनाथने पदर तोंडाकडे नेला आणि हर्षवर्धनने दंड धरून त्याला बाहेर थंडीत काढला, दार लावलं. पाहुण्यांना म्हणाला, शेजारच्या बाई आहेत, डोकं जरा फिरलंय.

म्हातारा मागून फिरून आत आला. प्रभाला एवढंच म्हणाला, "पोरीला तोंड दाखवायचं राहिलं."

चार महिन्यांत गेलाच तो. त्याचा फोटो ठेवला कुठे, तर त्या चित्राखाली. हर्षवर्धन जमलेल्यांना थिएटरचं सांगत होता, डोळे पुसत. प्रभा उठली, वरून ती साडी आणली, शर्वाणीला जवळ घेतलं.

"वाढदिवसाला आलेली म्हातारी आठवते? ते तुझे आबा होते."

"दॅट वॉज आबा?" पोरगी फोटोकडे बघतच राहिली. "शी वॉज ब्रिलियंट."

"आई, आत्ता नको. लोक आहेत."

"लोक आहेत म्हणूनच. बहुरूपी होता तो, हर्ष्या. दारावर यायचा. तुझ्याही दारावर आला, तू हाकललास."

प्रभाने त्याच साडीचा पदर ओला केला आणि फोटोतलं तोंड नीट पुसलं.