रेक्टर बोलतेय

मी सिंगापूरला निघाले त्या संध्याकाळी आई मला सोडायला एसटी स्टँडवरसुद्धा आली नाही. वसतिगृहाच्या गेटपर्यंत आली. मुलींच्या परीक्षा चालू होत्या आणि जेवणाची पहिली पंगत बसायची होती. मी वाकले तर म्हणाली, "राहू दे, पाय ओले आहेत." मी रिक्षात बसले. वळून पाहिलं तेव्हा ती गेटची कडी लावत होती. पाहणाऱ्याला वाटलं असतं, कुणी पाहुणे गेले आणि बाई दार लावतेय. पण ती कडी आई नेहमी एका हाताने लावते. त्या दिवशी दोन्ही हातांनी लावत होती.

हे मी आपल्या वसतिगृहातल्या मुलींसाठी लिहितेय. बार्शीच्या त्या दुमजली इमारतीत आज राहणाऱ्या, आणि तिथून पुण्याला, हैदराबादला, सासरी, किंवा माझ्यासारख्या देशाबाहेर गेलेल्या. मला लिहायची सवय नाही. आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच, त्यामुळे लिहिलेलं दाखवावं असं घरात कुणी नव्हतं. चुकलं तर सांभाळून घ्या.

तुम्ही आईला रेक्टरबाई म्हणून ओळखता. मी तुमच्यातच वाढले, पण तुमच्या खोल्यांत नाही, गेटजवळच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये. क्वार्टर संस्थेचं. पद आहे तोवर घर आहे, हे मला इतकं लहानपणापासून ठाऊक होतं की त्याची भीती वाटायची राहून गेली होती.

तुमच्यापैकी नव्या मुलींना कदाचित माहीत नसेल, आई इथे आली ती स्वयंपाकाला. वडील गेल्यानंतर. मग मुली अभ्यास करतात तिथेच पोळ्या लाटता लाटता तीही दहावीला बसली आणि पास झाली. कोठीघर तिच्याकडे आलं. पुढे आधीच्या रेक्टरबाई वर्षाच्या मध्येच नोकरी सोडून गेल्या. संस्था म्हणाली, "तात्पुरतं तुम्ही बघा." ते तात्पुरतं नंतर कुणी मोडलं नाही. ऑफिसातला तो जुना फोन तुम्हाला आठवत असेल, ज्यावर समोरच्याचा नंबर दिसत नाही. तो उचलून आई म्हणते, "हॅलो, रेक्टर बोलतेय." 'रेक्टर' म्हणताना तिची मान किंचित वर होते. फोनवर ते दिसत नाही, पण ऐकू येतं.

इथे सिंगापूरला मी शहराच्या टोकाला, चोआ चू कांग भागात, एका पुणेरी कुटुंबाच्या फ्लॅटमध्ये खोली घेऊन राहते. काकू घरात शुद्ध मराठी बोलतात, त्यांचा मुलगा त्यांना "कॅन लाह, मम्मी", म्हणजे 'चालेल गं', असं इथल्या इंग्रजीत उत्तर देतो, आणि दोघांचं उत्तम चालतं. स्कॉलरशिपवर आले, आता शेवटचं वर्ष आहे. या वर्षी इंटर्नशिप करावी लागते. मला ती एका बोर्डिंग स्कूलमध्ये मिळाली. मूळ शाळा इंग्लंडमध्ये, दोनशे वर्षं जुनी. इथली शाखा नवी, काचेची. त्यांना इथल्या कॉरिडॉरमध्ये मूळ शाळेच्या सगळ्या प्रमुखांचे फलक लावायचे होते: एक चित्र, आणि खाली त्या माणसाची कारकीर्द. कारकीर्द लिहून काढणं हे माझं काम.

मुलाखतीत इथल्या शाखेच्या हेडनी विचारलं, "घरात कुणी शिक्षणक्षेत्रात आहे का?"

मी म्हणाले, "आई रेक्टर आहे."

ते खुर्चीत सरळ बसले. एकदम आदराने बोलायला लागले. मला वाटलं, बोर्डिंगचा माणूस आहे, रेक्टरच्या कामाची किंमत असणारच. पहिल्या दिवशी फलकांची चित्रं पाहिली तेव्हा कळलं. त्या मूळ शाळेत 'रेक्टर' म्हणजे संपूर्ण शाळेचा प्रमुख! काळे झगे, पाठीवर रंगीत पट्टे, हातात जाड पुस्तक. माझ्या शेजारच्या टेबलावर काम करणारी जोसलिन, इथलीच चिनी मुलगी, म्हणाली, "वा, तुझी आई रेक्टर आह? मग तू चोआ चू कांगला खोली घेऊन का राहतेस?"

मी तशीच उठून हेडकडे गेले. घसा साफ केला आणि सांगितलं की आमच्याकडे वसतिगृह सांभाळणाऱ्या बाईंना रेक्टर म्हणतात. पाणी, जेवण, ताप, चाव्या, गेट. हेडनी ऐकून घेतलं. मग हसून म्हणाले, "म्हणजे तुम्ही बोर्डिंगमध्येच जन्म काढलात. मग तर या कामाला तुम्हीच बऱ्या. जा, लिहा."

घरी येताना एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, बसून मी त्या त्या दिवशीच्या रेक्टरची गोष्ट मराठीत आईला व्हॉइस मेसेजवर सांगायचे. पहिल्या रेक्टरांबद्दल जुन्या पुस्तकात मोठ्या गौरवाने लिहिलंय की चारित्र्य घडवण्यासाठी ते मुलांना भर थंडीत गार पाण्याने आंघोळ करायला लावत. आईचा उलट मेसेज आला, "चारित्र्य कसलं! बॉयलर बंद पडला असणार. मी पण मुलींना असंच सांगते."

एक रेक्टर पुढे बिशप झाले, ते तर तिला पटलंच नाही. "बिशप म्हणजे मोठं पद ना? मग प्रमोशन देऊन घालवलाय त्याला. ट्रस्टींशी वाजलं असेल." मी सांगितलं, तसं कुठेही लिहिलेलं नाही, ते धार्मिक वृत्तीचे होते. "असतील बाई," आई म्हणाली, "तूच शिकलेली." आणि काळ्या झग्यांबद्दल तिचा बरेच दिवस समज होता की इंग्लंडमध्ये रेक्टर व्हायला आधी वकील व्हावं लागतं.

मला फार मजा यायची. दोनशे वर्षांतल्या त्या सगळ्या साहेबांबद्दल आई असं बोलायची, जसं तालुक्यातल्या दुसऱ्या वसतिगृहाच्या रेक्टरबद्दल बोलावं.

मग एका रविवारी मी ऑफिसच्या फोनवर फोन केला तर आई नुसतंच "हॅलो" म्हणाली.

मला वाटलं, दुसऱ्याच कुणी उचलला. म्हटलं, "आई?"

"मीच. बोल."

बरंच खोदून विचारल्यावर सांगितलं. संस्थेने नवा नियम केला होता: रेक्टर पदवीधर हवी. महिनाअखेरच्या बैठकीत ठरणार होतं. आईला पुन्हा कोठीघर देणार, आणि क्वार्टर नव्या बाईंना. अध्यक्ष आबासाहेब माणूस वाईट नाही, त्यांनी तोडगाही काढला होता. "तुमची अश्विनी पदवीधर होतेय ना? तिलाच घेऊ की. क्वार्टर घरातल्या घरात राहील."

मी लगेच म्हणाले, "येते मी."

"कशाला?"

"घर राहील, आई. तू पण राहशील."

"आणि मी तुझ्या हाताखाली कोठीघर बघू व्हय?" आई म्हणाली. "माझ्या चाव्या मागायला गेलीस काय तिकडं?"

ती रागावली नव्हती. पण मी तो विषय तिथेच सोडला. इथेच सिंगापुरात, क्वीन्सटाउनच्या बाजूला, एका कंपनीत नोकरीसाठी माझं बोलणं चाललं होतं. ते तिला सांगायचं होतं, तेही राहिलं. खरं सांगायचं तर मला तेव्हा काय हवं होतं हे अजून नीट कळलेलं नाही. आईचं पद जाऊ नये एवढंच कळत होतं. ते माझ्या हातात नव्हतं, आणि मी ते घेऊन घर वाचवलं असतं तरी तिचं पद गेलंच असतं.

त्याच आठवड्यात माझ्याकडे मिस्टर पेल यांचा फलक आला. सगळ्या चित्रांत झगे, यांच्या अंगात साधा कोट. बाकीच्यांची कारकीर्द पानभर, यांची दोन ओळी. हे ड्रॉइंगचे मास्तर. महायुद्धात तरुण शिक्षक लढायला गेले, तेव्हाचे रेक्टर आजारी पडले आणि शाळेने पेल यांना सांगितलं, तात्पुरतं तुम्ही बघा. विद्यापीठाची पदवी नव्हती, म्हणून झगा नव्हता.

मी आईला एवढंच पाठवलं. मेसेज नाही, तिचा फोनच आला. तोही तिच्या स्वतःच्या मोबाइलवरून, ज्यावरून पैसे जातील म्हणून ती कधी परदेशी फोन लावत नाही.

"त्या कोटवाल्यांना नंतर काढलं का?"

"नाही."

"युद्ध संपल्यावर? शिकलेले परत आले असतील की."

"आले. तरी हेच होते. शेवटपर्यंत."

आई मग म्हणाली, "दोनच ओळी का मग त्यांच्या? पोरं काय म्हणायची ते बघ की. वरचे लोक काय लिहितात त्यात काही नसतं."

म्हणून मी शाळेची जुनी मासिकं काढली. मोठी झालेली मुलं त्यांत आठवणी लिहितात. पेलसाहेबांबद्दल एकाने लिहिलं होतं की ते रात्री दिवा न लावता झोपण्याच्या दालनातून फिरायचे, आणि अंधारात नुसत्या खोकल्यावरून मुलगा ओळखायचे. दुसऱ्यानेही तेच लिहिलं होतं. तिसरा नंतर इंग्लंडमध्ये कुणी मोठा न्यायाधीश झाला. त्यानेही शाळेबद्दल एवढीच एक गोष्ट लिहिली होती.

आईला हे फार विशेष वाटलं नाही. "त्यात काय? मी पण ओळखते. वरच्या मजल्यावरची निकम कोरडं खोकते, तिला धुळीचा त्रास आहे. तू तर खोकतच नाहीस. बोलायचा धीर होत नसला की घसा साफ करतेस."

मी पेलसाहेबांची कारकीर्द दीड पान लिहिली. जोसलिनने मोजपट्टी लावून पाहिलं आणि म्हणाली, "सगळ्यांत मोठी झाली, लाह. हेड कापणार." हेडनी वाचलं, चष्मा काढला, पुन्हा घातला, आणि एकही शब्द कापला नाही. त्या संध्याकाळी आईने पेलसाहेबांचा फोटो मागितला. "मोठा पाठव," म्हणाली. "प्रिंट काढायचीय."

फलक लागले आणि बार्शीत बैठक झाली तो दिवस एकच. कॉरिडॉरमध्ये पालक होते, बँकांतले, कंपन्यांतले मोठे लोक; छोटी छोटी सँडविचेस होती. शेवटच्या फलकाखाली बारीक अक्षरांत, कारकिर्दींचं लेखन म्हणून, माझं नाव होतं. आडनावासकट. आमचं आडनाव इंग्रजीत इतकं सुंदर छापलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. हेडनी माझी ओळख करून दिली, "यांच्या आई भारतात रेक्टर आहेत." मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांना आता सगळं माहीत होतं, आणि तरी ते मुद्दाम तसंच म्हणाले. मला अभिमान वाटला, पण 'आहेत' की 'होत्या', ते मला कुठे माहीत होतं?

मी बाहेर पोर्चमध्ये गेले. भारतात तेव्हा दुपार उलटत होती. आईचा मोबाइल लावला नाही. ऑफिसचा फोन लावला. रिंग बरीच वाजली. मनात म्हटलं, दुसऱ्या कुणाचा आवाज आला तर ठेवून द्यायचा.

फोन उचलला गेला.

"हॅलो, रेक्टर बोलतेय."

मला बोलायचं होतं. मी नुसता घसा साफ केला.

"बोल, अश्वे," आई म्हणाली.

मग तिने बैठकीची हकिगत सांगितली. ती पेलसाहेबांची रंगीत प्रिंट घेऊन गेली होती. टेबलावर ठेवली. आबासाहेबांनी विचारलं, "हे कोण?" आई म्हणाली, "आमच्याच लायनीतले. दोनशे वर्षं जुनी शाळा आहे. ह्यांच्याकडं पदवी नव्हती, तरी शेवटपर्यंत ठेवलं. तिथल्या पोरांनी लिहून ठेवलंय ह्यांच्याबद्दल. माझ्याबद्दल काय विचारायचं ते माझ्या मुलींना विचारा." आबासाहेबांनी फोटो बराच वेळ निरखला. म्हणाले, "कोट चांगला आहे." आणि मग ठरलं: आई आहे तोवर रेक्टर तीच. पदवीधर बाई सहायक म्हणून येईल, आईच्या हाताखाली. आता परवाच ती रुजू झाली. आपल्यातलीच निघाली, काही वर्षांपूर्वी वरच्या मजल्यावर राहून शिकलेली. आईने तिला पहिल्याच दिवशी विचारलं म्हणे, "खोकला गेला का गं तुझा?"

मी क्वीन्सटाउनच्या नोकरीचं सांगितलं. आई म्हणाली, "घे." एवढंच. मग म्हणाली, "त्या तुझ्या हेडना माझा नमस्कार सांग. आणि म्हणावं, गेटकडं लक्ष ठेवा." मी सांगितला. ते म्हणाले, "रेक्टरना कळवा, ठेवतो."

मागच्या महिन्यात शाळेच्या मुलींना पुलाउ उबीन या जवळच्या बेटावर सायकली चालवायला नेलं होतं, मीही बरोबर गेले. परत बोटीत बसताना माझ्या लक्षात आलं, मी धक्क्यावर उभी राहून मुली मोजत होते, आईसारखी, प्रत्येकीच्या डोक्यावर हलकेच बोट ठेवत. एका मुलीने विचारलं, "व्हॉट आर यू डूइंग?" मला हसू आलं. काय सांगणार?

इथे कुणी घर कुठे विचारलं की मी पूर्वी अडखळायचे. चोआ चू कांगची खोली भाड्याची, बार्शीचं क्वार्टर संस्थेचं. आईही एक दिवस निवृत्त होईल, तेव्हा त्या दोन खोल्या सोडाव्या लागतील आणि आम्हाला कुठे तरी दुसरीकडे जावं लागेल. तरी आता मी सरळ सांगते, बार्शी. भिंती कुणाच्या का असेनात. तिथे मी न बोलता ओळखली जाते, आणि तुम्हीही.

तेव्हा गेलेल्या मुलींनो, एकदा फोन करा. नंबर तोच आहे. नऊला गेट बंद होतं, त्याआधी करा. "रेक्टर बोलतेय" असं ऐकू आलं की नाव सांगायची घाई करू नका. नुसतं खोकून बघा.